बाहेर पडायची वेळ

"साडेनऊ," टिफनी म्हणाली.

जॉयलने हेल्मेट जमिनीवर आदळलं. "परत घे."

"पाय बघ केवढा सुजलाय. उद्या करू."

"परत घे म्हणतो ना!"

तो पुन्हा त्या फायबरच्या सांगाड्यात शिरला. वालीवच्या एका कारखान्यातून बनवून घेतलेला हा सांगाडा म्हणजे रेसिंग कारचं नुसतं धड. इंजिन नाही, चाकं नाहीत. आत आडवं पडल्यासारखं बसायचं आणि पट्टे आवळून घ्यायचे. टिफनीने 'चल' म्हटलं की पट्टे सोडायचे, स्टिअरिंग उपसून काढायचं आणि डोक्याभोवतीच्या धातूच्या कड्यातून अंग सोडवून दोन्ही पायांवर बाहेर उभं राहायचं. सात सेकंदांत. सीझन सुरू होण्याआधी ड्रायव्हरला ही परीक्षा द्यावी लागते. गाडी पेटली तर माणूस जिवंत बाहेर यावा, एवढंच तिच्यामागचं शास्त्र. जो नापास झाला तो कितीही वेगवान असो, त्याला ट्रॅकवर सोडत नाहीत.

गिरीज गावातल्या घराच्या पडवीत हे रोज संध्याकाळी चाललं होतं. गेल्या सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये जॉयलचं पुढचं चाक दुसऱ्या गाडीच्या मागच्या चाकावर चढलं. या गाड्यांची चाकं उघडी असतात. चाकाला चाक भिडलं की गाडी हवेत उडते. जॉयलचा खुबा मोडला. दुसरी गाडी भिंतीवर आपटून पेटली. तिच्यात स्टॅनी होता, टिफनीचा नवरा. बाहेर पडण्यात अख्ख्या टीममध्ये त्याच्याइतकं चपळ कोणी नव्हतं. पण आपटल्याबरोबर त्याची शुद्ध गेली, आणि सगळी चपळाई त्याच्याबरोबर आतच राहिली.

चौकशीत कोणाचाच दोष निघाला नाही. घरातही कोणी तो विषय काढला नाही. न काढलेला विषय मध्ये ठेवून एका टेबलावर जेवायला किती जड जातं, ते या बहीणभावाला विचारावं.

खुब्यात सळई घालून जॉयल चालायला लागला आणि पहिलं काय केलं, तर सांगाड्यावरची धूळ झटकली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं शेजारची डेल्फिन बोलून गेली आणि समोर टिफनीला बघून तिने जीभ चावली. पण टिफनीच पुढे आली. "घड्याळ मी लावते," म्हणाली. जॉयलला भडभडून आलं. बहिणीने आपल्याला माफ केलं, असं त्याला वाटलं.

टीमने परीक्षेपर्यंत त्याची जागा धरून ठेवली होती. त्यापुढे नाही. जॉयलला तिसावं लागलं होतं, आणि या धंद्यात तिशी म्हणजे साठीच. ही जागा गेली की दुसरी मिळणार नव्हती. म्हणून तो दात खाऊन पट्टे सोडायचा. कधी कधी त्याला वाटायचं, या वेळी जमलं. टिफनी सांगायची, नऊ. दुखऱ्या माणसाला स्वतःचा अंदाज येत नाही, असं म्हणून तो पुन्हा आत बसायचा. एकदा आठ आले. त्या रात्री तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी परत साडेनऊ.

शेवटी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याने स्वतःच टीमला फोन केला. "माझ्या जागी दुसरा बघा. गाडी पेटली तर मी बाहेर नाही येऊ शकत." फोन ठेवून तो सांगाड्याच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला. टिफनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती पण रडत होती.

टीमने कोइम्बतूरचा एक ड्रायव्हर घेतला. सह्याही झाल्या.

नंतरच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर त्यांचे वडील, आलोशियस, फोन घेऊन बसले होते. फोन भरला होता, नको ते काढून टाकत होते. "जॉयल, हा तुझा व्हिडिओ. तू त्या सांगाड्यातून निघतोस तो. ठेवू की काढू?"

"काढा, पप्पा," जॉयल म्हणाला, आणि तरी बघितलाच. खाली सेकंद सरकत होते. फोनमधली टिफनी 'चल' म्हणाली. पट्टे सुटले, स्टिअरिंग निघालं, दोन्ही पाय जमिनीला लागले. जॉयलने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. दर वेळी सहा सेकंद आणि वर थोडं. आणि दर वेळी त्यातली टिफनी त्याच शांत आवाजात सांगत होती, "साडेनऊ."

इतक्या दिवसांत एकदाही त्याने तिच्या हातातलं घड्याळ मागून बघितलं नव्हतं. बहिणीचं घड्याळ कोण तपासतं?

ती मागच्या दारी कोळंबी सोलत होती. जॉयल लंगडत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता.

"सहा! सहात बाहेर येत होतो मी! सगळं संपवलंस माझं. स्टॅनीचा सूड घेतलास ना? मग तोंडावर बोलायचं होतंस, तू मारलंस त्याला म्हणून!"

टिफनीने हातातली कोळंबी पातेल्यात टाकली. मग तिने मान वर केली.

"स्टॅनीलाही घड्याळ मीच लावायचे," ती म्हणाली. "त्याला खरी वेळ सांगितली."