चालत सात मिनिटं

बोळाच्या तोंडापासून भिंतीपर्यंत चारशे बारा पावलं होती. भिंत बावीस विटा उंच, वर काचा रोवलेल्या. पलीकडे परीक्षा केंद्राची पाण्याची टाकी दिसत होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तिने वहीत आकडे टिपले, मागे फिरली आणि पूल ओलांडून मोठ्या रस्त्याने केंद्राच्या फाटकापर्यंत चालत गेली. लॉजपासून सरळ या रस्त्याने आलं तर चौदा मिनिटं. आधी बोळात शिरून, भिंत बघून परत फिरलं तर बावीस.

लॉजच्या पाटीवर मात्र तेच जुनं वाक्य होतं: 'स्वस्त, स्वच्छ, परीक्षा केंद्र चालत सात मिनिटं.' रंग तेवढा नवा होता.

"दोन रात्री," तिने काउंटरवर सांगितलं.

मालकाने मान वर केली, पण तिला ओळखलं नाही. गेल्या वर्षी याच काउंटरपाशी ती रडवेल्या चेहऱ्याने उभी होती. सरकारी प्रयोगशाळेतल्या नोकरीची परीक्षा होती. पाटीवर विश्वास ठेवून ती पावणेनऊला निघाली, बोळाच्या शेवटी भिंत निघाली, आणि धावत फाटकाशी पोचली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. फाटक नऊला बंद होतं. परत येऊन तिने भिंतीचं सांगितलं, तेव्हा मालक शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला होता.

"भाडं कमी करून घ्यायच्या एकेक तऱ्हा! अहो, सात मिनिटांत पोचत नाही त्याचं दुखणं रस्त्याचं नसतं, पायांचं असतं."

ते हसू ती वर्षभर विसरली नव्हती.

"परीक्षेसाठीच ना?" मालकाने किल्ली पुढे केली.

"हो, परीक्षेसाठीच."

"मग निर्धास्त राहा. आमची लेकही उद्या तिथेच आहे, प्रयोगशाळेच्याच जागेसाठी. लहानपणापासून मामाकडे असते, कालच आली. ये गं, ताईंना खोली दाखव."

खोली तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद. एक खाट, एक टेबल, एक खिडकी. मुलीने खाटेवरची उशी उचलून दाबून पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि आतून दुसरी घेऊन आली.

"ही घ्या ताई, माझी आहे. लॉजच्या उशीत कापूस कमी आणि इतिहास जास्त."

ती हसली. हसू आलं याचा तिला रागही आला.

"केंद्रात तुम्हाला कुठली खोली आलीय, ताई? मला तिसऱ्या मजल्यावर."

"मला सकाळीच सांगणार आहेत."

"माझी ही शेवटचीच संधी. पुढच्या वर्षी वय बसत नाही. गेली दोन वर्षं दुसरं काही केलेलंच नाही मी."

"ती अट मलाही पाठ आहे."

मुलगी दारात घुटमळली. हातातला फोन तिने पुढे केला. "पण ताई, नकाशात चौदा मिनिटं दाखवतंय. बाबा सात म्हणतात."

"नकाशा पुलावरून फिरवतो!" मालक जिन्यातूनच ओरडला. पाण्याचा जग घेऊन तो वर येत होता. "त्याला आपला बोळ काय माहीत?"

वही तिच्या हातात होती, पान उघडंच होतं.

"बोळ अजून उघडा आहे ना?" तिने विचारलं.

"अहो मॅडम, त्या बोळातून मी शाळेत गेलोय."

"अलीकडे कधी गेला होतात?"

"अलीकडे स्कूटर आहे की!"

"कुणी पाहुण्यांनी कधी तक्रार केली नाही?"

"पाहुणे काय हो, चादरीच्या रंगावरूनही तक्रार करतात. एक बाई तर म्हणाली, वाटेत भिंत आहे म्हणे!" मालक लेकीकडे बघून हसला. तेच हसू.

उत्तर दुसरं आलं असतं, तर ते पान फाडून मुलीच्या हातात द्यायचं असं तिने ठरवलं होतं. तिने वही मिटली.

मालक खाली गेल्यावर मुलीने विचारलं, "उद्या बरोबरच जायचं का आपण?"

"मी साडेसातलाच निघते. घाईत मला काही सुचत नाही."

"साडेसात! छे बाई. लवकर पोचलं की इतरांची उजळणी ऐकून मी वाचलेलंच विसरते. मी आपली पावणेनऊला निघेन."

तिने क्षणभर विचार केला.

"वीस मिनिटं हातात ठेव," ती म्हणाली. "आठ चाळीसला निघ."

"बरं झालं सांगितलंत." मुलीने दार अलगद ओढून घेतलं. "भेटू मग फाटकाशी."

सकाळी सव्वाआठपासून फाटकातून उमेदवार आत जात होते. नऊला पाच कमी असताना रांग संपली. फाटकाच्या आतल्या बाजूला, छातीवर 'पर्यवेक्षक' असा बिल्ला लावून, ती घड्याळ आणि नोंदवही घेऊन उभी होती. तिचं स्वतःचं वय गेल्या वर्षीच उलटलं होतं. त्यानंतर तिने शाळेत विज्ञान शिकवायला सुरुवात केली, आणि शाळेतल्या शिक्षकांना परीक्षेच्या कामावर नेमतात. हे केंद्र तिने मागून घेतलं होतं.

ठीक नऊला तिने फाटक ओढलं आणि कडी घातली. पुलाकडून धावत आलेल्या मुलीने बाहेरून गज धरले. तिचा चेहरा घामाने भिजला होता.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "ताई, तुम्ही..."

तिने घड्याळ पाहिलं आणि नोंदवहीत लिहिलं: उशीर, अकरा सेकंद.