अठ्ठाविसाव्या दिवसाचा ठोकळा

“हे कुठलं सिमेंट उचलून आणलंस?” म्हाताऱ्या गवंड्याने गोणीवर बोट आपटत लेकीला विचारलं.

“राख मिसळलेलं आहे, बाबा. कारखान्यातली बारीक राख.”

“राख भांडी घासायला असते. स्लॅब टाकायला नाही.”

झालं, सुरू. चाळीस वर्षं या माणसाने झटपट घट्ट होणारं सिमेंट वापरलेलं. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतही त्यानेच बांधलेली. पण लेक काही कमी नव्हती. बांधकामाचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालायचे आणि फुटेपर्यंत दाबायचे, हा तिचा रोजचा उद्योग. “मी जन्मभर बांधत आलो आणि पोरीला नोकरी लागली फोडायची,” असं तो भेटेल त्याला सांगायचा. सांगताना छाती फुगलेली असायची, ते वेगळं.

“ऊन बघा इथलं,” ती म्हणाली. “तुमचं ते झटपट सिमेंट आधीच आतून तापतं, त्यात वरून ही आग. केसासारख्या भेगा पडतात. समुद्र दोन गल्ल्यांवर आहे. खारी हवा भेगेतून आत शिरली की गज गंजलेच म्हणून समजा. हे सावकाश जमतं, पण एकदा जमलं की खाऱ्या हवेला दाद देत नाही.”

“सावकाश म्हणजे किती? झटपटवाल्या स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या आठवड्यात उतरवल्या असत्या आणि दहाव्या दिवशी मी माझ्या घरी.”

ती बोलली त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त सगळं ती बोलली नव्हती. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाप एकटा राहायचा, एकदा भात शिजवायचा आणि तोच दोन दिवस ओट्यापाशी उभ्याने खायचा. माझ्याकडे राहायला या, असं तिने तीनदा सांगून पाहिलं. उत्तर ठरलेलं. “पाहुणा चार दिवसांचाच बरा. काम असेल तर बोलाव, काम संपेपर्यंत राहतो.” म्हणून तिने आपल्या घरावर एक खोली काढायला घेतली. भिंती उभ्या राहिल्या तशी म्हाताऱ्याने तारीखही लावून टाकली. “स्लॅब मी बघणार. प्लास्टर काय, कोणीही करेल. स्लॅब पक्का झाला की मी निघालो.”

स्लॅब शेवटी राखेच्याच सिमेंटचा टाकला. लेकीने त्याच मालाचे ठोकळे भरून घेतले, एक सातव्या दिवशी फोडायला आणि एक अठ्ठाविसाव्या, तेव्हा स्लॅब पुरता पक्का झाला असं धरतात. म्हाताऱ्याने स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे केले आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी द्यायला सुरुवात केली.

“मला या घरात एवढ्या वेळा पाणी कोणी विचारत नाही,” जावई म्हणाला.

“उन्हात आडवे पडा. तुम्हालाही देतो,” सासरा म्हणाला.

म्हातारा बसून जेवायला लागला. ताटातलं संपवायला लागला. एके दिवशी तर स्वतःहून वाढून घेतलं. लेकीने ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे लावत बसली.

सातव्या दिवशी ती प्रयोगशाळेतून धावतच जिना चढली. “बाबा, ठोकळा फुटला! अजून बराच कच्चा आहे.”

म्हाताऱ्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “स्लॅब कच्चा निघाला म्हणून एवढी खूश झालेली बाई मी जन्मात पाहिली नाही,” तो म्हणाला. ती ओशाळली. त्याने पाइप उचलला आणि पुन्हा पाणी द्यायला लागला.

मग दिवस भराभर गेले. फळ्या उतरल्या, टेकू निघाले. छताला एकही भेग नव्हती. म्हाताऱ्याने बोटांच्या पेरांनी ते ठोकून पाहिलं आणि नाइलाजाने मान डोलावली.

अठ्ठाविसाव्या दिवशी लेक सावकाश जिना चढून आली. वरच्या खोलीत तो एकटाच, उघड्या विटांच्या भिंतीला टेकून बसला होता.

“ठोकळा किती भरला?”

तिने कागद पुढे केला. आकडा वाचून म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. “माझ्या झटपट सिमेंटला मागे टाकलं की गं या राखेने.” मग त्याने वर पाहिलं. “आता रडायला काय झालं?”

“पक्का झाला ना स्लॅब,” ती म्हणाली. “आता तुम्ही जाणार. मला तुम्ही इथेच हवे आहात, बाबा. मला तुमची फार काळजी वाटते.”

खालून भांड्यांचा आवाज येत होता. म्हाताऱ्याने कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. मग मागे वळून भिंतीवरून हात फिरवला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

“या भिंतींचं प्लास्टर मीच करीन म्हणतो,” तो म्हणाला. “एकट्याने. पण दुकानात नीट चौकशी कर हं, पोरी. या सिमेंटपेक्षाही सावकाश जमणारं एखादं मिळत असेल, तर ते आण.”