डेअरीतली एकच केबल

दवाखान्याचा संगणक चालू झाला आणि त्याच क्षणी दूधमोजणी नि ऑफिस, दोन्ही बंद पडली. कडावच्या डेअरीत श्रद्धा लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली. साडेचार वाजले होते. पाचला अख्खं गाव दुधाच्या किटल्या घेऊन दारात उभं राहणार होतं.

बाहेरची कंपनी कशाला, आपल्याच गावची पोर करील, असं सेक्रेटरी ऋषिकेशदादाने भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. दूधमोजणी, ऑफिस आणि जनावरांचा नवा दवाखाना या तिघांची नेटवर्कं वेगळी ठेवायची. एकमेकांशी बोलायचं तर राउटरमार्फतच. पण तिघांच्या तारा जिथे येऊन जोडतात त्या स्विचपासून राउटरपर्यंत तिघांना न्यायचं एकाच केबलमधून. तिला म्हणायचं ट्रंक. सकाळपासून पहिले दोघे सुरळीत चालले होते. तिसऱ्याला आत घेतलं आणि घोडं पेंड खायला लागलं.

ऋषिकेशदादा दोनदा डोकावून, भिंतीवरचं घड्याळ बघून गेला. त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

तेवढ्यात तिचे बाबा, सहदेव, चहाचा थर्मास घेऊन आले. राजनाला कालव्यातून शेतांना पाण्याची पाळी लावण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. लेकीचा चेहरा बघून ते शेजारी टेकले.

"काय झालं गं?"

"नव्याला लाइन दिली, तर आधीच्या दोघांची गेली."

"मंग बरोबरच हाय की! नव्या शेताला पाणी सोडताना आमी आधीच्यांची दारं लावतोच. पाळी म्हंजे पाळी."

श्रद्धाने झटकन वर पाहिलं. शेवटी बापाचीच लेक! ट्रंकमधून कोणाकोणाला सोडायचं, त्या यादीत दवाखाना वाढवायचा सोडून तिने यादीच नव्याने लिहिली होती, आणि तीत एकटा दवाखाना. तिला हसूच फुटलं. तिघांच्या नेटवर्कचे नंबर टाकून तिने एंटर दाबलं. दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनवर आकडे उमटले, ऑफिसातला प्रिंटर घरघरला, आणि दवाखानाही चालूच राहिला.

"झालं, दादा!" ती ओरडली. पलीकडून ऋषिकेशदादाने शिट्टी मारली. श्रद्धाला आनंद पोटात मावेना.

"तिघांना एकदम?" बाबांनी केबल बोटांनी चाचपून पाहिली. "पाळी नाय?"

"नाय बाबा. कोणामुळं कोणाचं अडत नाय."

सहदेवांनी ती बारीक केबल आपल्या करंगळीशी लावून पाहिली.

"अगं, मंग गावानं भांडायचं तरी कशावर?"