दहा किलो कुणाचे?

वजनगट सांभाळायला भूक मारायची सवय पैलवान ऋतुजाची पाचव्या महिन्यातही सुटली नव्हती. सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुझं वजन वाढत नाही, बाळही लहान आहे. बाळंतपणापर्यंत दहा किलो तरी वाढायला हवेत.”

“पण जन्मताना बाळ तीनच किलोचं असतं. मग दहा किलो वाढवायचे, ते कुणाचे?” तिला खरंच कळेना.

“वारेचे, पाण्याचे, दुधाच्या तयारीचे. तुझं रक्तही वाढतं.”

“रक्तसुद्धा?” ती मनगटावरच्या निळ्या शिरांकडे बघत राहिली. आत एवढी खटपट चालली होती आणि आपण उपाशी राहत होतो!

ती पोटभर जेवू लागली. पुढच्या तपासणीत वजन दोन किलोंनी वाढलं, बाळानंही बाळसं धरलं. तिनं लगेच कुस्तीच्या वस्तादांना फोन लावला.

“वस्ताद, वजन वाढलं!”

“शाब्बास!”

या बातमीवर त्यांनी दिलेली ही पहिलीच शाबासकी.