पंख्याखालची जागा

"जेवण निम्म्या दरात द्या, काकू. पंख्याखालची जागा, लोणचं, पापड यांचे पैसे वेगळे लावा. आमच्या विमानात असंच असतं," स्वस्त विमान कंपनीत नोकरी करणारा आशिष म्हणाला. वेस्ट मांबलममध्ये खानावळ चालवणाऱ्या मीनाक्षीकाकूंना ते भलतंच पटलं.

दुसऱ्याच दिवशी खानावळ तुडुंब भरली. घरून आणलेल्या लोणच्याच्या बरण्या उघडून, घाम पुसत पोरं मजेत वरणभात हाणत होती. पंख्याखाली एकट्या काकूच बसल्या होत्या.

"आशिष, अरे, अशानं तुमची कंपनी चालते तरी कशी?"

भिंतीला खेटून बसलेल्या आशिषनं पिशवीतून आईच्या हातचं लोणचं काढलं.

"चालते असं कोण म्हणालं, काकू?"