फियोरेंझाचा आवाज

फियोरेंझाचा चेहरा लाखात एक, पण बोलणं पडलं डोंगरातल्या खेड्याचं. म्हणून रोममध्ये तिच्या प्रत्येक सिनेमाला आवाज दिला तो डबिंग करणाऱ्या एर्सिलियानं. तीस वर्षांत पुरस्कारांनी कपाट भरलं. गावी पत्रं गेली, फियोरेंझा स्वतः एकदाही गेली नाही. आईला लेक भेटायची ती पडद्यावरच.

अखेर ती गावी गेली, तेव्हा आईची नजर गेलेली. म्हातारी टीव्हीला कान लावून लेकीचाच सिनेमा ऐकत बसली होती. फियोरेंझानं तिचे हात धरले आणि किती वर्षांनी गावच्या बोलीत म्हणाली, "आये, म्या आलीया गं."

म्हातारीनं हात सोडवून घेतले.

"कुनाची गं तू? बस खुशाल, पर गप ऱ्हा जरा. माझी लेक बोलतीया."