पाचवा भोपळा

उन्हाळ्यात वेल करपली, पावसाळ्यात मुळं कुजली, तरी मास्तरीणबाईंनी हट्ट सोडला नाही. "या अंगणात फक्त परीक्षेतला भोपळा मिळणार," असं नवरा चिडवायचा.

थंडीत मात्र चार कोवळे भोपळे धरले. बाईंनी लगेच खिळ्याने एकेकावर घरातल्या एकेकाचं नाव कोरलं: नवरा, मुलगा, सून आणि स्वतः. फळ वाढेल तशी अक्षरंही रुंदावतात, याची त्यांना भारी गंमत.

तोडणीच्या सकाळी सगळे अंगणात जमले. "बोला, कोण जिंकलं?" बाई तोऱ्यात म्हणाल्या. नवऱ्याने कान पकडले.

तेवढ्यात मुलाला पानांखाली पाचवा सापडला, बाकीच्या चारांपेक्षा मोठा. त्यावरही नाव होतं, बाईंच्याच वळणदार अक्षरात.

"हे मी नाही कोरलं," बाई म्हणाल्या.

सुनेने नाव वाचलं आणि तिचा हात पोटाकडे गेला. "आई, हे नाव आम्ही कालच ठरवलंय. अजून कुणालाच सांगितलं नाही."

बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवलं. खपली जुनी होती, आणि अक्षरं सगळ्यांत रुंद.

"पाच!" त्या नवऱ्याकडे बघून विजयाने हसल्या आणि त्यांनी भोपळा अलगद कडेवर घेतला.

एवढ्या थंडीत तो उबदार होता.